काचेतली मरळ

भागोजी मुंबईहून कायमचा घरी आला तेव्हा त्याच्याबरोबर एक ट्रंक आली, एक छत्री आली आणि एक काचेची पेटी आली. ट्रंकेत काही नव्हतं, छत्री फाटकी होती. पेटीने मात्र सगळ्या वाडीचं डोकं फिरवलं, आणि सगळ्यात जास्त फिरवलं ते त्याच्या बायकोचं, मैनेचं.

ही गोष्ट तीस-बत्तीस सालातली. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगराला बिलगून बसलेली बावीस घरांची वाडी. तिथला निम्मा बाप्या मुंबईला, निम्मा शेतात. भागोजी बारा वर्षं मुंबईत एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर राबला. साहेबाला मासे पाळायचा नाद होता. दिवाणखान्यात काचेच्या पेट्या, पेट्यांत पाणी, पाण्यात मासे. त्या काचा पुसायच्या, पाणी बदलायचं आणि माशांना खाऊ घालायचं, हे भागोजीचं काम. साहेब विलायतेला परत गेला आणि जाताना एक रिकामी पेटी भागोजीला देऊन गेला. शहाणा माणूस ती तिथेच विकून मोकळा झाला असता. याने ती आगबोटीत घातली, खाडीतून होडीने महाडच्या बंदरात उतरवली, बैलगाडीने पोलादपूरला आणली आणि तिथून चार गड्यांच्या खांद्यावरून घाटी चढवली. काच तडकू नये म्हणून मैनेसाठी घेतलेलं लुगडं त्याने पेटीभोवती गुंडाळलं होतं. लोखंडी कडांना घासून लुगड्याची चाळण झाली. काच शाबूत राहिली.

"घरचं झालं थोडं, नि व्याह्यानं धाडलं घोडं," मैना म्हणाली, आणि ते लुगडं तिने गोधडीत शिवून टाकलं. तेव्हा ती फक्त चिडली होती. संतापणं पुढे होतं.

पेटी पडवीत मांडली गेली. अडीच हात लांब, हातभर रुंद, हातभर खोल. भागोजीने नदीतले बारके मासे आणून सोडले. ते तिसऱ्या दिवशी उताणे झाले. पुन्हा आणले, पुन्हा उताणे. वाडीतले लोक येत, मेलेले मासे बघत, आणि "भागोजी, कालवण कधी?" असं विचारून दात काढत. भागोजीच्या नाकाला मिरच्या झोंबत. बारा वर्षं साहेबाच्या बंगल्यावर काढलेला माणूस तो, या लंगोट्या लोकांनी त्याला हसावं? "बारकी जात टिकत नाय," तो म्हणे. "सायबाकडं शिकारी मासा होता. हातभर. जिता मासा टाकला की गप्पकन गिळायचा. तसा आनून दाखवीन, मग बोला."

आणि त्याने आणला. भात झोडणीचे दिवस होते, सगळी वाडी खळ्यावर होती. भागोजी दुपारी ओल्या गोणपाटात काहीतरी गुंडाळून घरी आला आणि पेटीत सोडलं. मरळ. सव्वा हात लांब, पाठीला काळीकुळकुळीत, सापासारखं चपटं डोकं आणि तोंड उघडलं की आत दातांची कानस. खालच्या आंबेडोहात गळाला लागली, असं त्याने सांगितलं. त्या संध्याकाळी पडवीत उभं राहायला जागा नव्हती. भागोजीने चिमटीत धरून एक बेडूक पाण्यात टाकला. मरळ हललीसुद्धा नाही. लोक हसायला लागणार एवढ्यात पाणी फाटकन उडालं, आणि बेडूक नव्हताच. पोरं किंचाळली, म्हातारे मागे सरले. भागोजी काचेजवळ उभा होता. त्याच्या तोंडावर जे हसू होतं ते मैनेने लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

झालं. त्या दिवसापासून घरात मरळ आधी, माणसं मागून. भागोजी रोज नदीवर जाई, चिंगळ्या, म्हणजे बारीक कोळंबी, आणि बारके मासे धरून आणी, आणि मैना तवा ठेवून वाट बघत बसली तरी ते सगळं पेटीत जाई. घरात नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. मरळीला जिवंत कोळंबी. एकदा पेटीवरचं फळकूट सरकलेलं राहिलं, तर बया उडी मारून बाहेर आली आणि सरपटत उंबऱ्यापर्यंत गेली. भागोजीने तिला तान्ह्या पोरासारखं उचललं. तेव्हापासून फळकुटावर पाट्याचा दगड. मैनेने वाटण वाटायचं कशावर, हा प्रश्न त्याला पडला नाही.

पण खरं दुखणं पाण्याचं. पाणी गढूळ झालं की मरळ दिसत नाही, आणि मरळ दिसली नाही तर कापड्याहून, पार पोलादपुराहून बघायला आलेले लोक काय बघणार? म्हणून चौथ्या दिवशी अर्धं पाणी उपसायचं आणि नवं भरायचं. म्हणजे सहा हंडे. वाडीची विहीर घरापासून चांगली लांब, आणि वाट चढाची. भागोजीने पाणी भरलं असेल असं कुणाला वाटत असेल तर त्याने वाडीतला बाप्या पाहिलेला नाही. पाणी भरणं हे बायकांचं. मुंबईत साहेबाच्या माशांना त्याने बारा वर्षं पाणी घातलं, ती नोकरी होती. घरी नोकर मैना.

"ह्ये कंदीपावतर चालायचं?" तिने एकदा विचारलं.

"लोक किती लांबून येत्यात, बघतेस ना? आपल्या घराचं नाव झालंय," भागोजी म्हणाला.

"नाव तुमचं झालंय. मान माझी मोडलीय."

"सहा हंड्यांनी मान मोडाय तू काय मुंबईची हायस?" तो हसला. मैना हसली नाही. डोक्यावरची फडक्याची चुंबळ तिने भिंतीवर आपटली आणि परत विहिरीवर गेली, कारण पेटीला अजून दोन हंडे कमी होते.

आता त्या विहिरीचं सांगायला हवं. वाडीला विहीर एकच. तिच्यात कुणाच्याही आठवणीच्या आधीपासून एक मरळ होती. बायका तिला म्हातारी म्हणत. वरून ती कधी नीट दिसत नसे. काळं पाणी, त्यात काळी पाठ. वर येऊन बुळुक करून वारा प्यायची आणि खाली जायची. पण मान मोठा. पाण्याला आलेल्या बाईने आधी काठाच्या दगडावर भांडं तीनदा वाजवायचं, म्हणजे म्हातारीला कळतं आणि तिला बादली लागत नाही. मग चार शितं टाकायची, आणि मग दोर सोडायचा. सासू सुनेला घरात घेतल्यावर पहिल्यांदा हे शिकवायची, चूल मागून. विहिरीत म्हातारी आहे तोवर पाणी निर्मळ, असं सगळे मानत. दुष्काळात झाडपाला खाऊन दिवस काढले तेव्हासुद्धा कुणी त्या विहिरीत गळ टाकला नव्हता.

माघ लागला आणि विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला.

आधी बारीक, मग नाकाला फडकं लावावं असा. पाण्यात बेडकांची पिलावळ माजलेली, बादलीगणिक चार-सहा वर यायचे, त्यातले दोन कुजलेले. बायका भांडी वाजवत, शितं टाकत. म्हातारी वर येईना. ती दिसून महिना झाला की दोन, हे कुणाला नक्की आठवेना. एवढंच कळलं की म्हातारी रुसली आणि पाणी सोडून गेली. भागोजीच्या पडवीत हातभर मरळ फिरते आहे आणि विहिरीतली हरवली आहे, या दोन गोष्टी कुणी जोडल्या नाहीत. जोडणार कसं? विहिरीची म्हातारी कुणी माणूस गळाला लावील, ही गोष्ट त्या लोकांच्या डोक्यात शिरण्यासारखीच नव्हती. त्यापेक्षा बाईच्या अंगचा विटाळ पाण्याला लागला, हे त्यांना फार सोपं वाटलं. देवाला भिणारी माणसं अशी असतात. देवाचा राग पटकन समजतो, चोर समोर उभा असला तरी दिसत नाही.

आणि विटाळ कुणाचा, हे सांगायला पहिलं तोंड उघडलं ते मैनेने. हे लपवून उपयोग नाही.

त्या सकाळी तिला पेटीचे सहा हंडे भरायचे होते. उन्हं चढलेली, पाण्याला वास, विहिरीवर रांग. तुळसा पुढे होती. तुळसा म्हणजे वाडीच्या कडेला एकटी राहणारी बाई, मैनेपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. नवरा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला, पत्र नाही की माणूस नाही. एक म्हैस आणि एक खोपट. तुळसा सावकाश पाणी काढत होती, बादलीतले बेडूक वेचून बाजूला टाकत होती, आणि मागे मैनेच्या डोक्यात सहा हंडे नाचत होते. शेजारी उभी असलेली रखमा म्हणाली, "म्हातारी का रुसली गो?" आणि मैना फाडकन बोलली, "परवा तुळसाबाय नदीवर केस धूत होती. चार दिवस भरल्याबिगर कोन केस धुतंय? नि त्याच्या आदल्या दिशी ती हितंच पान्याला होती. मी बघितली."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. तुळसा आदल्या दिवशी विहिरीवर होती की तीन दिवस आधी, हे मैनेला माहीत नव्हतं. तिला रांगेत पुढे जायचं होतं. तेवढंच.

रांगेच्या गलक्यात तुळसाला आपलं नाव तेवढं ऐकू आलं, तिने वळून पाहिलं. "कोन म्हनतंय ह्ये?" तिने विचारलं. सगळ्या गप्प. मैनाही गप्प. पण शब्द सुटला तो सुटला. संध्याकाळपर्यंत तो बावीस घरं फिरून आला, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी थोडा वाढला.

गावकी बसली. म्होरक्या गोमाजीबाबा, पांढऱ्या मिशांचा, आवाज खर्जातला. बाप्ये सगळे गोलात, भागोजीही त्यांत, मुंबईची टोपी घालून. तुळसा उभी. ती शपथेवर सांगत होती की तिने विहीर बाटवली नाही, तिचं ते सगळं दोन वर्षांमागेच थांबलं, आता केस काय मळले म्हणून धुवायचे नाहीत? बाईला हे चाळीस बाप्यांसमोर सांगावं लागलं. कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. गोमाजीबाबाने निकाल दिला की म्हातारी परत दिसेपर्यंत तुळसाने विहिरीला पाय लावायचा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

तुळसा नदीवरून पाणी आणू लागली. नदी म्हणजे सगळा डोंगर उतरून खाली, आणि भरला हंडा घेऊन सगळा डोंगर वर. आठव्या दिवशी ती घसरली. हंडा दरीत गेला आणि उजवा हात मनगटात मोडला. रखमेच्या सासऱ्याने बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. दुसऱ्या दिवशी तुळसा डाव्या हाताने कळशी घेऊन परत नदीवर. म्हशीला पाणी लागतंच. विहिरीवरच्या बायका तिला खाली उतरताना बघत आणि दुसरीकडे तोंड वळवत. मैनाही वळवी. पण घरी आली की ती भांड्यांवर राग काढी.

असाच राग काढताना ते घडलं.

दुपारची वेळ. भागोजी नदीवर चिंगळ्या धरायला गेलेला. मैनेने हंडा पेटीत रिकामा केला. हंड्याच्या बुडाशी विहिरीतली घाण चिकटली होती, ती पाडण्यासाठी तिने हंडा उंबऱ्याच्या दगडावर ठाणकन आपटला. एकदा, दोनदा, तीनदा.

पेटीत मरळ वळली. तळाशी पडून होती ती सरळ वर आली, पाण्याच्या वरच्या कडेला तोंड लावून उभी राहिली. वाट बघत.

मैना तशीच उभी राहिली. मग तिने पुन्हा हंडा वाजवला. मरळीने तोंड उघडलं, मिटलं. मैनेने चुलीजवळच्या टोपातून चार शितं आणली आणि टाकली. भागोजी दोन महिने छाती फुगवून सांगत होता, ही शिकारी जात, हिला जितं लागतं, मेलेल्याला तोंड लावायची नाही. आणि ती शिकारी जात मैनेच्या हातची भाताची शितं अशी वेचून खात होती, जशी जन्मभर खात आली असावी.

मैनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आंबेडोह! कुठला आंबेडोह! त्या डोहावर भांडी कोण वाजवतं, शितं कोण टाकतं? विहिरीतली म्हातारी तिच्या घरात होती. म्हातारीच्याच पेटीसाठी मैना विहिरीचं पाणी उपसत होती, वास येणारं, कुजलेलं. ते कुजलं होतं, कारण विहिरीतले बेडूक खाणारी इथे काचेत बसली होती. आणि तुळसा मोडक्या हाताने डोंगर चढत होती.

भागोजी तिन्हीसांजेच्या आधी आला. हातात चिंगळ्यांचा द्रोण.

"म्हातारी कवा काढलीत?" मैनेने विचारलं.

त्याने द्रोण खाली ठेवला. खोटं बोलायचा प्रयत्न त्याने केला, पण पहिल्या दोन शब्दांतच तो अडखळला. "झोडनीच्या टायमाला," तो म्हणाला. "नदीत मोठा मासा गावंना. लोकं हसत होती. तू पन हसत होतीस."

"इहिरीची म्हातारी काढलीत?"

"मासा हाय गो तो! म्हातारी नि बितारी. सायब म्हनायचा, माशाला काय अक्कल नसते. मी बारा वर्सं मुंबईत काढली, मला ह्ये इटाळबिटाळ पटत नाय."

"पटत नाय? मग गावकीत मूग गिळून का बसलात? तुळसाबाय हुबी होती. तिला इचारत होते ते सगळे, बायकी गोष्टी, चाळीस जनांपुढं. तवा का नाय बोललात, की मला पटत नाय?"

भागोजी पेटीकडे बघत होता. "बोललो असतो तर मरळ गेली असती," तो म्हणाला.

इतक्या साधेपणाने बोलला तो हे. लाज नाही, भीती नाही. बाजारात गेलो असतो तर मीठ आणलं असतं, तसं. मैनेला वाटलं, पाट्याचा दगड उचलावा आणि घालावा. काचेत घालावा की याच्या डोक्यात, एवढंच ठरत नव्हतं. "तिचा हात मोडला," ती ओरडली. "हात मोडला तिचा!"

"तिचं नाव मी घेतलं नव्हतं," भागोजी म्हणाला.

मैना चुलीशी जाऊन बसली. त्याला माहीत नव्हतं की नाव कुणी घेतलं, त्याने आपलं हवेत सोडलं होतं. पण लागलं ते बरोबर लागलं. त्या दिवशी मैनेने भाकरी थापली नाही. तिला नवऱ्याचा राग आला होता आणि स्वतःचा आला होता, आणि दोन्ही राग एकाच चुलीवर उकळत होते.

सकाळी ऊन विहिरीवर आलं, बायका जमल्या, पारावर बाप्ये विड्या ओढत बसले, तेव्हा मैना घरातून निघाली. तिने ओलं गोणपाट काखेला धरलं होतं आणि त्यातून शेपूट बाहेर हलत होतं. मागून भागोजी धावत होता, टोपीशिवाय. "मैने, अगो थांब. मैने, लोक काय म्हनतील!" ती थांबली नाही.

पारासमोर ती थांबली. "गोमाजीबाबा," ती म्हणाली, "ही घ्या तुमची म्हातारी. माझ्या घोवानं इहिरीत गळ टाकून काढली. झोडनीत. दोन म्हयने ती काचेत हाय नि पान्यात बेडूक कुजतायत. इटाळ नाय नि बिटाळ नाय."

कुणीतरी म्हणालं, मरळीसारखी मरळ, कशावरून हीच? मैना विहिरीशी गेली, मरळ बादलीत घातली, दोर हलक्या हाताने सोडला आणि पाण्याशी बादली कलती केली. काळी पाठ काळ्या पाण्यात गेली. मग तिने रखमेच्या हातातली कळशी घेतली आणि दगडावर तीनदा वाजवली. रखमेने न सांगता शितं टाकली. सगळ्या काठावर वाकल्या. शितं पाण्यावर तरंगत राहिली. काही होईना. मैना आणखी खाली वाकली. तिला वाटलं, मेली. काचेत राहून विसरली.

बुळुक. पाणी हललं, शितं गेली.

मग काय विचारता! बायकांनी हात जोडले, बाप्ये पारावरून उतरून धावत आले. म्हातारी आली, म्हातारी आली. गोमाजीबाबाने स्वतः नारळ मागवला. विहिरीच्या काठाला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, आणि त्या पांढऱ्या मिशांच्या माणसाने पाण्याकडे बघत मान वाकवून म्हटलं, "चुकलं माकलं पोटात घाल, माये." भागोजीला दंड झाला, एक कोंबडा आणि विहिरीचा उपसा. तो मान खाली घालून हो म्हणाला. सगळे खूश. खोबऱ्याचे तुकडे वाटले जात होते. मैनेच्याही हातावर एक तुकडा आला. रखमा म्हणाली, "तुझ्यामुळं पानी परत आलं गो मैने."

तेवढ्यात खालच्या वाटेने तुळसा आली. डाव्या काखेत अर्धी भरलेली कळशी, उजवा हात कामट्यांत. घाम. गर्दी बघून ती थांबली.

मैनेने हातातलं खोबरं खाली टाकलं. "माशाची माफी मागितलीत," ती गोमाजीबाबाला म्हणाली. "नारळ फोडलात. आता हिची?"

गोमाजीबाबाने मिशांवरून हात फिरवला. "झालं गेलं. तुळसाला आता मना नाय. भरू दे पानी," तो म्हणाला. माणसाला चूक कबूल करायची नसली की तो दयाळू होतो.

तुळसाने कळशी खाली ठेवली. ती गोमाजीबाबाकडे बघत नव्हती, विहिरीकडे तर नाहीच. तिने सगळ्या बायकांच्या तोंडांकडे बघितलं, एकेकीच्या. "माझं नाव पयलं कोनी घेतलं होतं?" तिने विचारलं.

रखमेने खाली बघितलं. रखमेला माहीत होतं. त्या दिवशी रांगेतल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यांच्यातली एकही बोलली नसती, कारण आज मैना म्हातारीला परत आणणारी होती. मैनेने गप्प राहायचं ठरवलं असतं तर वाडीने तिला जन्मभर सांभाळून घेतलं असतं.

"मी," मैना म्हणाली. "मला पुढं पानी भराय पायजे होतं. माझ्या घोवाच्या पेटीला सहा हंडे लागायचे. मी तुला बघितली नव्हती, तुळसाबाय. खोटं बोलले."

तुळसा जवळ आली. मैनेला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि बसली असती तर बरं झालं असतं. तुळसाने तसं काही केलं नाही. "ह्या इहिरीचं पानी आता माझ्या घशाखाली जायचं नाय," ती म्हणाली. "मला नदीचंच लागंल. नि माझा हात मोडलाय."

एवढंच. ती भांडली नाही. आपली कळशी उचलून खोपटाकडे गेली.

लोक पांगले. भागोजी मात्र काठावर ओणवा होऊन पाण्यात बघत होता. "जगंल का गो ती?" त्याने विचारलं. "इतक्या दिसांनी थंड पानी, बाधायचं तिला."

मैनेने त्याच्याकडे बघितलं. बायको गावासमोर नवऱ्याला चोर म्हणाली, स्वतःला खोटी म्हणाली, आणि या माणसाला काळजी पडली होती ती माशाच्या सर्दीची. तिला वाटलं होतं राग आता संपेल. राग संपला नाही, उलट आता तो थंड होऊन बसला, आणि थंड राग जास्त दिवस टिकतो. ती घरी गेली. दोन हंडे घेतले आणि नदीच्या वाटेने खाली उतरली. पहिला फेरा तुळसाच्या म्हशीचा, दुसरा तुळसाच्या चुलीचा. चढ इतका वाईट होता की दुसऱ्या फेऱ्याला तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ही वाट तुळसा मोडक्या हाताने चढत होती, हे तिला तेव्हा खरं कळलं.

दुपारी ती घरी आली. भागोजी पडवीत बसला होता, रिकाम्या पेटीशेजारी. घरातला माठ कोरडा होता.

"पानी दे गो," तो म्हणाला. "सकाळपासनं घसा सुकलाय."

मैनेने दोन्ही हंडे खुंटीखाली पालथे घातले. "तुळसाबायचा हात जुळंपावतर मी तिचं पानी भरतेय," ती म्हणाली. "तुमचं तुमी भरा."

"मी? इहिरीवर? बायकांत?"

ती आत निघून गेली. तहान अनावर झाली तेव्हा भागोजीने हंडा उचलला, आणि बारा वर्षं साहेबाच्या माशांना पाणी घातलेला तो माणूस चुंबळ कशी करतात हे माहीत नसल्यामुळे हंडा काखेत धरून विहिरीवर गेला. बायका बाजूला झाल्या. कुणी हसलं नाही. त्याने दगडावर भांडं तीनदा वाजवलं आणि दोर सोडला.